तिच्यासमोर बोललेलं

माझ्या मुलीला, चारुताला, एका जागी बसता येत नाही. लहानपणी ती वरणभातसुद्धा अंगणात फिरत खायची आणि मी ताट घेऊन तिच्या मागे. आता अठ्ठावीस वर्षांची घोडी झाली, तरी फोनवर बोलायला लागली की बाहेरच्या खोलीपासून गच्चीपर्यंत तीन फेऱ्या ठरलेल्या. पायाला भिंगरी, आणि तोंडाला प्रश्न. रिक्षावाल्याला त्याच्या पोरांची शाळा विचारेल, औषधवाल्याला दुकानाचा बोर्ड कधी बदलला ते विचारेल. कुणी वाकडं बोललं तरी तिला राग येत नाही, उलट पुढचा प्रश्न सुचतो. हे तिने माझ्याकडून घेतलेलं नाही. मी एकदाच विचारते आणि उत्तर पटलं नाही तर विषय बंद करते.

मानसशास्त्रात एम.ए. करून ती चार वर्षं एका सर्वे एजन्सीत होती. हातात टॅबलेट घेऊन झाशीच्या आसपास मऊरानीपूर, गरौठा, गुरसराय अशी घरोघर हिंडायची. नळाला पाणी किती वेळ येतं, स्वयंपाक चुलीवर की गॅसवर, असलं सगळं. गेल्या मार्चमध्ये एजन्सीचं कंत्राट संपलं आणि ही घरी बसली. बसली म्हणजे काय, फेऱ्या मारायला लागली. फडताळं आवरली, गच्चीवरच्या कुंड्या दोनदा इकडच्या तिकडे केल्या, आणि मग ऑनलाइन एक कोर्स करून युएक्स रिसर्चर होणार म्हणाली.

युएक्स रिसर्च म्हणजे काय हे तिने मला तीनदा समजावलं. कंपन्या अ‍ॅप बनवतात, लोक ते वापरताना कुठेतरी अडतात, का अडतात ते त्यांच्याशी बोलून, त्यांच्याजवळ बसून शोधायचं.

"म्हणजे भोचकपणाचा पगार," मी म्हटलं.

"आई, तू मजाक करू नको. हे काम माझ्यासाठीच बनलंय."

ते मलाही पटलं होतं, म्हणून तर जीव वरखाली होत होता. नऊ ठिकाणी अर्ज केले, नऊ ठिकाणी नकार. दहावी कंपनी बंगळुरूची. वेळेवर गोळ्या घेण्याची आठवण करणारं अ‍ॅप त्यांचं. काम घरून, मधूनमधून दौरे. दोन मुलाखती झाल्या, तिसरी आणि शेवटची गुरुवारी अकराला. इकडे यांनी, म्हणजे चारूच्या वडिलांनी, ओळखीतून सिविल लाइंसमधल्या एका खासगी शाळेच्या ऑफिसात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. फीच्या पावत्या फाडायचं काम. शाळेला सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. हो म्हटलं असतं तर माझी पोर सकाळी नऊ ते पाच एका खुर्चीत बसली असती आणि वर्षभरात वाळून गेली असती. मी ते बोलून दाखवलं नाही, पण रोज देवापुढे दिवा लावताना माझ्या डोक्यात तीच खुर्ची यायची.

आता आमच्या घराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची घराणी झाशीत येऊन अडीचशे वर्षं झाली. बाहेर सगळा व्यवहार हिंदीत, मुलांचा आपसातही हिंदीत. मराठी फक्त घरात, आणि खरं सांगायचं तर घरातही अर्धीच. पण एका कामाला आम्ही ती भरपूर वापरतो. समोरच्याला कळू नये असं जे असतं, ते त्याच्यासमोर मराठीत बोलायचं. साडीच्या दुकानात मी गोड हसून म्हणणार, "भैया, आप तो अपने घर के हैं," आणि त्याच दमात चारूला, "मेला लुटतोय, ऊठ." डॉक्टरसमोर, पाहुण्यांसमोर, सगळीकडे हेच. त्यातही एक वाक्य खास माझं. गॅसवाली मुलगी सिलिंडर निघालाय म्हणाली, शिंपी ब्लाउज उद्या देतो म्हणाला, की मी चेहरा न हलवता म्हणते, "खोटं बोलतेय ही बाई," किंवा "खोटं बोलतोय हा." मला माणूस बरोबर कळतो, असा माझा समज होता. चारूनेही ते वाक्य माझ्याकडून जसंच्या तसं उचललं, माझ्या त्या कोरड्या आवाजासकट.

गुरुवारी सकाळपासून घरात कुणाचाच पाय एका जागी ठरत नव्हता. यांना मी भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर पिटाळलं. दुर्गाला सांगितलं, अकरा ते बारा भांडी वाजवायची नाहीत. दुर्गा आमच्याकडे एकवीस वर्षं कामाला आहे. मूळची गुरसरायजवळच्या एका खेड्यातली, आता इथेच झाशीत, नगरा मोहल्ल्यात राहते. ती हातातलं फडकं ठेवून स्वयंपाकघराच्या दारात बसून राहिली.

चारूचा लॅपटॉप जुना. त्याची बॅटरी मेलेली, त्यामुळे तो वायर लावलेली असेल तरच चालतो. आणि आमच्या बैठकीच्या खोलीतलं सॉकेट इतकं ढिलं की प्लग आपोआप खाली सरकतो. म्हणून मी टेबलाखाली पाटावर बसून एका हाताने प्लग दाबून धरायचा असं ठरलं.

"आई, बिलकुल हलू नकोस हं," चारू म्हणाली. तिचा स्वतःचा पाय मात्र माझ्या डोक्याजवळ लटलट हलत होता.

मला फक्त आवाज ऐकू येत होते. मुलाखत घेणारा मंदार नावाचा एक जण होता. आधी इंग्रजीत, मग हिंदीत बोलला. मंदार हे नाव ऐकून आमच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, आमच्या नात्यातच दोन मंदार आहेत. पण कंपनी बंगळुरूची, माणूस हिंदी बोलतोय, आणि आमच्यासाठी मराठी म्हणजे घराच्या उंबऱ्याच्या आतली वस्तू. बाहेरच्या कुणाला ती येत असेल हे आमच्या मनातही येत नाही.

तो म्हणाला, आता आम्ही एका खऱ्या ग्राहकाला जोडून देतो, तुम्ही त्यांच्याशी वीस मिनिटं बोला आणि अ‍ॅप त्या कशा वापरतात ते शोधून काढा. आम्ही नुसतं बघू. मग आभाजी नावाच्या कानपूरच्या बाई आल्या. आवाजावरून साठीच्या. त्यांना मधुमेह होता आणि चार महिन्यांपासून अ‍ॅप होतं.

"बहुत अच्छा है, बेटा. रोज़ इस्तेमाल करती हूँ," त्या म्हणाल्या.

चारूने विचारलं, आज सकाळी गोळी घेतलीत तेव्हा काय काय केलंत, पहिल्यापासून सांगाल का? बाई म्हणाल्या, खोला, बटन दबाया, बस. कुठलं बटण? वही, जो होता है. कुठे अडचण येते? कोई दिक़्क़त नहीं, सब बढ़िया है. चारू वेगवेगळ्या बाजूंनी विचारत होती आणि बाई प्रत्येक वेळी बढ़िया म्हणत होत्या. पाय आणखी जोरात हलायला लागला. दहा मिनिटं गेली, हाती काही नाही.

आणि चारू ओठ न हलवता, माझ्याच त्या कोरड्या आवाजात मला म्हणाली, "खोटं बोलतेय ही बाई. हिने ते एकदाही उघडलेलं नाही. मागे भिंतीवर कॅलेंडर आहे, रोजच्या तारखेवर दोन दोन खुणा केल्यात."

 आणि लॅपटॉपमधून मंदारचं स्वच्छ मराठी आलं.

"मग ते त्यांनाच विचारा ना."

मी दचकले. डोकं टेबलावर आपटलं, हातातला प्लग निघाला आणि लॅपटॉप बंद पडला.

पुढची चार मिनिटं मला आठवतात ती चारूच्या चेहऱ्यामुळे. टेबलाखालून मान बाहेर काढून पाहिलं, तर पांढरी पडली होती. लॅपटॉप सुरू व्हायला वेळ घेत होता, चाक गोल गोल फिरत होतं, आणि ती एकच म्हणत होती, "गेलं, आई. गेलं सगळं." मी प्लग दोन्ही हातांनी दाबला होता, जणू त्याने काही मागे जाणार होतं. एकदा वाटलं, तिला सांगावं की लाइट गेली असं सांग. माझ्या तोंडावर आलंही होतं. पण तेवढ्यात ती जोडली गेली आणि बोलायलाही लागली.

ती आभाजींना हिंदीत म्हणाली की मी आत्ता तुमच्यासमोर तुमच्याबद्दल माझ्या आईशी बोलले, तुम्हाला कळणार नाही अशा भाषेत. मी म्हणाले की तुम्ही खरं सांगत नाही आहात. हे मी करायला नको होतं, माफ करा. मग थांबली. टेबलाखाली तिचा पाय पहिल्यांदाच स्थिर झालेला मी पाहिला.

"उस कैलेंडर के बारे में बताएँगी?" तिने विचारलं.

 बाई हसल्या. म्हणाल्या, अ‍ॅप मुलीने घालून दिलंय, ती पुण्याला असते. रोज फोन करून विचारते, मम्मी, चालू आहे ना? नाही म्हटलं तर तिला वाईट वाटेल. खुणा करायची सवय त्यांच्या नवऱ्याची, तो गेल्यावर त्यांनी तीच पेन्सिल चालू ठेवली. तेवढं मोबाइलवर टाकलं तर सकाळी करायला काय उरणार? आणि मग त्या जे बोलत सुटल्या, ते वीस मिनिटांची चाळीस झाली तरी मंदारने थांबवलं नाही.

शेवटी तो चारूशी मराठीतच बोलला. "कॅलेंडर तुमच्या आधीच्या तिघा उमेदवारांना दिसलं नाही. सोमवारी दुपारी कळवतो. पण एक सांगतो. आपण ज्याच्यासमोर बसलोय त्याला आपलं बोलणं कळत नाही, असं कधी धरून चालायचं नाही. या कामात याहून मोठी चूक नाही."

गुरुवार ते सोमवार कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. चारूने गच्चीवर इतक्या फेऱ्या मारल्या की खालचे भाडेकरू विचारायला आले. दर पाच मिनिटांनी मेल बघायची. जेवताना मधूनच घास हातात धरून म्हणायची, "त्याने मोठी चूक म्हटलं, म्हणजे नाहीच ना?" हे म्हणाले, शाळेला हो सांगून टाकू का? ती उठून गेली. मलाही काही सुचत नव्हतं. भाजीत मीठ दोनदा पडलं. बाजारात गेले आणि भाजीवालीसमोर तोंडात आलेलं वाक्य गिळलं, आणि मग तिच्याकडे बघतच राहिले. हिला कळतं की काय?

रविवारी सकाळी दुर्गा स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी डाळ निवडत होते. चारू आली, दाराला टेकून उभी राहिली, आणि जशी ती कुणालाही काहीही विचारते तसं विचारलं, "दुर्गा मौसी, आपको हमारी मराठी समझ में आती है क्या?"

मी हसणार होते.

"हओ बिन्नू," दुर्गा तिच्या बुंदेलीत म्हणाली. हात थांबला नाही. "इक्कीस साल सें सुन रए हैं. काए नईं समझहें?"

"सगळं?" चारूने चुकून मराठीतच विचारलं.

"सब."

चारू खाली बसली. मला वाटलं आता हिने गप्प बसावं, पण ती गप्प बसणारी नाही. तिने हळूच विचारलं, "आम्ही तुमच्याबद्दल कधी काही बोललो होतो का?"

दुर्गाने कणकेचा गोळा परातीत ठेवला, वरून ओलं फडकं घातलं, हात धुतले. घाई नव्हती. मग तिने सांगितलं. माझ्याकडे न बघता, चारूला सांगितलं.

बारा वर्षांपूर्वीचे महालक्ष्म्यांचे दिवस होते. आमच्याकडे जेवायला पंचवीस माणसं, सोळा भाज्या, पुरणपोळ्या. सकाळी दुर्गा आली आणि म्हणाली, गावी अम्माची तबियत बिघडली आहे, निरोप आलाय, मला आत्ता जायला हवं. मी हिंदीत म्हटलं, हाँ हाँ, देखते हैं. आणि तिच्यासमोरच यांना मराठीत म्हटलं, "खोटं बोलतेय ही बाई. दरवर्षी महालक्ष्म्यांना हिचं कुणीतरी आजारी पडतं."

मला हे आठवत नव्हतं असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. मला आठवत होतं. ती मग गेली नाही, राहिली, तेव्हा मला वाटलं होतं, बघा, मी म्हटलं नव्हतं का?

"हमें लगो, झूठी काए बनें," दुर्गा म्हणाली. खोटारडी ठरायचं नाही म्हणून ती थांबली. पंचवीस माणसांची भांडी घासली. "एक दिना रुक गए हम. दूसरे दिना पौंचे तो अम्मा की बोली बंद हो गई ती. सुनत रईं, बोल नईं पाईं."

वाचा बंद पडली ती पडलीच, आणि तिसऱ्या दिवशी तिची आई गेली. तेराव्यानंतर दुर्गा कामावर आली तेव्हा मी तिला साडी दिली होती आणि स्वतःला मोठी समजूतदार मालकीण समजले होते.

दुर्गाने पोळ्या लाटायला घेतल्या. चारू तिच्या शेजारी बसून राहिली, तिचा पाय हलत नव्हता. मी डाळ निवडत होते, निवडलेलीच डाळ पुन्हा. माफ कर म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. हिंदीत म्हणायला गेले तर ते साडीच्या दुकानातल्या गोड बोलण्यासारखं वाटलं. मराठीत तर मी तिच्याशी एकवीस वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. लाज वाटली. इतकी की दुपारी जेवले नाही, डोकं दुखतंय असं यांना सांगितलं.

सोमवारी दुर्गा येईल की नाही याची मला त्या फोनपेक्षा जास्त धास्ती होती. नेहमीच्या वेळेला आली. मी फाटक उघडायला स्वतः गेले, तर तिने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. एक वाजला, दोन वाजले. हे शाळेचा नंबर काढून मोबाइल हातात धरून बसले होते. अडीचला चारूचा फोन वाजला आणि ती गच्चीवर पळाली. वरून पावलं ऐकू येत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग थांबली.

ती जिना उतरून आली तेव्हा दुर्गा स्वयंपाकघरात दूध तापवत होती आणि मी दारात. सवयीने मी मराठीत विचारलं, "काय म्हणाले गं?"

चारूने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, दुर्गाकडे. आणि आम्हा दोघींना ऐकू जाईल असं हिंदीत म्हणाली, "मिल गई. छह महीने किसी के घर अकेले नहीं जाना है, एक सीनियर साथ रहेंगी. पर मिल गई."

यांनी शाळेचा नंबर पुसून टाकला. चारू दुर्गाच्या गळ्यात पडली, मग माझ्या, मग पुन्हा गच्चीकडे धावली. मी रडत होते आणि दुर्गा हसत होती, पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं, आता पेढे आणायला सांगावं आणि या आनंदात सगळं वाहून जाऊ द्यावं. सोपं होतं ते. दुर्गानेही काही म्हटलं नसतं, बारा वर्षं कुठे म्हटलं होतं?

पण माझी पोर नुकतीच पास झाली होती ती एका बाईला तोंडावर विचारून. मी आत गेले, ओट्याला हात टेकला आणि विचारलं.

"दुर्गा, अम्मा को क्या हुआ था?"

दुर्गाने गॅस बंद केला. माझ्याकडे वळली, सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि आमच्याच घरातल्या मराठीत, माझ्यापेक्षाही स्वच्छ, म्हणाली,

"आता विचारलंत, वहिनी?"

मी मान खाली घातली. मग तिच्यासाठी पाट मांडला, दुसरा माझ्यासाठी, आणि ती बोलायला लागेपर्यंत गप्प बसून राहिले.